अयशस्वी परीक्षेचा अर्थ : मूळ संहितेतून आज्ञावली घडविण्याच्या खटपटींचा इतिहास

१. प्रास्ताविक

संगणकाच्या आज्ञावलीस दोन रूपे असतात. पहिले रूप माणसाने लिहिलेले व माणसास वाचता येणारे; त्यास मूळ संहिता अथवा सोर्स कोड म्हणतात. दुसरे रूप यंत्रास चालविता येणारे. ते केवळ अंकांच्या रांगांचे असते, आणि ते पाहून लेखकाच्या मनातील योजना उमजणे अतिशय कष्टाचे ठरते. पहिल्या रूपातून दुसरे सिद्ध करण्याचे काम कंपायलर नावाची आज्ञावली करते. ग्रेस हॉपर यांनी १९५१-५२ च्या सुमारास युनिव्हॅक यंत्रासाठी तयार केलेल्या ए-० या आज्ञावलीस हे नाव मिळाले, तेव्हा त्यात भाषांतराचा अर्थ फारसा नव्हता. संग्रहातील तयार तुकडे त्यांच्या क्रमांकांवरून काढून एकत्र जुळविणे, म्हणजे अक्षरशः संकलन करणे, एवढेच तिचे कार्य होते. पुढे १९५७ मध्ये जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम कंपनीच्या ७०४ या यंत्रासाठी फोर्ट्रान भाषेचा कंपायलर सिद्ध केला. त्यानंतर या शब्दास भाषांतरकाराचा अर्थ चिकटला आणि जुना अर्थ मागे पडला.

तथापि जुना अर्थ नाहीसा झाला नाही. कोणतीही मोठी आज्ञावली आज मूळ संहितेपासून घडवू लागले, की अडचणी येतात त्या बहुधा भाषांतराच्या नसतात, जुळणीच्या असतात. एखादी हेडर फाईल सापडत नाही. एखाद्या लायब्ररीत अपेक्षित फंक्शन नसते. लेखकाच्या यंत्रावर जे गृहीत होते ते वाचकाच्या यंत्रावर खरे ठरत नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने मूळ संहिता सर्वांस खुली करावी असा आग्रह धरला व तो पुष्कळ अंशी सिद्धीसही नेला. परंतु संहिता हाती आली म्हणजे आज्ञावली हाती आली काय, हा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. उलट तो अधिक तीव्र झाला. या प्रश्नाला गेल्या पन्नास वर्षांत कोणकोणती उत्तरे मिळत गेली, त्यांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. हा इतिहास पाहताना एक सूत्र पुनःपुन्हा हाती येते. यंत्रास विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जेव्हा ‘नाही’ असे येते, तेव्हा त्या नकाराचा अर्थ काय करावयाचा, हेच ते सूत्र होय.

२. एका यंत्राकडून दुसऱ्याकडे

युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी प्रथम पीडीपी-७ या यंत्रावर रचली. १९७३ मध्ये तिचा गाभा रिची यांच्या सी भाषेत पुन्हा लिहिण्यात आला. तोपर्यंत कार्यप्रणाली ही ज्या त्या यंत्राच्या बोलीतच लिहावयाची वस्तू मानली जाई. सी भाषेमुळे एकच संहिता अनेक यंत्रांवर नेता येईल अशी शक्यता दिसू लागली. १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी युनिक्स इंटरडेटा ७/३२ या यंत्रावर नेली. त्याच सुमारास बेल प्रयोगशाळेत रिची व स्टीव्ह जॉन्सन यांनी ती इंटरडेटा ८/३२ वर नेली.

या स्थलांतरात संहितेतील कितीतरी अनुक्त गृहीतके उघडी पडली. पीडीपी-११ या यंत्रावर दोन बाइटांच्या शब्दातील कनिष्ठ बाइट आधी येत असे, तर इंटरडेटावर श्रेष्ठ बाइट आधी येई. नव्या यंत्राने ‘युनिक्स’ या नावाची चार रोमन अक्षरे जोडीजोडीने उलटी छापली, असा किस्सा त्या काळापासून सांगितला जातो. पूर्णांकाची लांबी, अक्षरास ऋण मूल्य असू शकते की नाही, अशा बाबींवर संहितेत कोठेही चर्चा नव्हती. कारण लिहिणाऱ्यास त्या प्रश्न म्हणून कधी जाणवल्याच नव्हत्या. स्वभाषेचे व्याकरण तिच्या भाषकास दिसत नाही; परभाषक समोर आला म्हणजे ते दिसू लागते. तद्वत् संहितेची गृहीतके दुसऱ्या यंत्रापुढे उभी राहिली.

युनिक्सची संहिता विद्यापीठांत पोचण्यास एक कायदेशीर कारणही घडले. १९५६ च्या एका न्यायालयीन समझोत्यामुळे बेल प्रयोगशाळेची मालक असलेल्या एटी अँड टी कंपनीस दूरसंचाराबाहेरील व्यवसाय करण्याची मुभा नव्हती. त्यामुळे ही संहिता विद्यापीठांस अल्प मोबदल्यात मिळत गेली. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी १९७६-७७ मध्ये युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवर विद्यार्थ्यांसाठी टीका लिहिली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात संहिता शिकविण्यावर बंदी आली. तेव्हापासून ही टीका छायाप्रतींच्या रूपाने हातोहात फिरत राहिली, आणि १९९६ मध्ये ती रीतसर ग्रंथरूपाने प्रकाशित झाली. संहिता वाचण्याचा अधिकार आणि ती चालविण्याचा अधिकार या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याची ही एक आरंभीची खूण म्हणता येईल.

३. ‘मेक’ आणि वाया गेलेली सकाळ

अनेक फाईलींची आज्ञावली घडविताना कोणती फाईल पुन्हा कंपाइल करावयाची व कोणती नाही, याची नोंद माणसाने डोक्यात ठेवणे धोक्याचे असते. बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ अशाच घोटाळ्यात खर्ची पडली. त्यांच्या आज्ञावलीतील दोष त्यांनी आधीच दुरुस्त केला होता. परंतु दुरुस्त फाईल पुन्हा कंपाइल करावयाची राहून गेली, आणि ते निर्दोष संहितेत दोष शोधीत बसले. त्यांनी आपला संताप सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्यापुढे व्यक्त केला. फेल्डमन यांनाही आदल्याच सायंकाळी तोच अनुभव आला होता. यातून १९७६ मध्ये फेल्डमन यांनी ‘मेक’ ही आज्ञावली लिहिली.

मेकची कल्पना साधी आहे. कोणती वस्तू कशावर अवलंबून आहे व ती कशी घडवावी, हे ‘मेकफाईल’ या फाईलीत लिहून ठेवावयाचे. मेक प्रत्येक फाईलीची शेवटच्या बदलाची वेळ पाहते, आणि ज्या वस्तूपेक्षा तिचा आधार नवा असेल तेवढीच वस्तू पुन्हा घडविते. येथे बदलाचा पुरावा म्हणून फाईलीतील मजकूर न पाहता घड्याळ पाहिले जाते, ही बाब ध्यानात घ्यावयास हवी. दोन यंत्रांच्या घड्याळांत अंतर असले, अथवा फाईली दुसरीकडून आणताना त्यांच्या वेळा बदलल्या, तर मेक करावयाचे काम करीत नाही किंवा नको ते पुन्हा करते. ‘करण्यासारखे काही उरले नाही’ असे मेकने सांगितले म्हणजे सर्व काही ठीक आहे असे मानण्याची सवय होते. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच, की घड्याळांच्या साक्षीप्रमाणे काही उरलेले नाही.

मेकफाईलीतील आज्ञेची ओळ टॅब या अक्षरानेच सुरू झाली पाहिजे, असा नियम आहे. टॅब व मोकळ्या जागा डोळ्यांस सारख्याच दिसतात, म्हणून या नियमाने नवशिक्यांच्या पिढ्यान्पिढ्या छळल्या आहेत. नियमाचा दोष फेल्डमन यांच्या लौकरच ध्यानात आला होता. पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक, बहुतेक स्नेहीच, जमले होते, आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून त्यांनी तो बदलला नाही. बारा माणसांच्या सोयीसाठी राखलेला नियम पुढे जगभर पाळावा लागला. रूढी कशी बनते, याचे हे बोलके उदाहरण होय. २००३ मध्ये याच मेकसाठी फेल्डमन यांना अमेरिकेतील एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर पुरस्कार देण्यात आला.

४. बोलीभेद

१९८० नंतर युनिक्सच्या दोन प्रमुख शाखा झाल्या. एक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखा, दुसरी एटी अँड टी कंपनीची सिस्टिम फाइव्ह ही शाखा. त्यांशिवाय यंत्र विकणारी प्रत्येक कंपनी आपली स्वतंत्र युनिक्स तयार करू लागली. मजकुरातील एखादे अक्षर शोधणारे फंक्शन बर्कली परंपरेत ‘इंडेक्स’ या नावाने, तर दुसऱ्या परंपरेत ‘एसटीआरसीएचआर’ या नावाने ओळखले जाई. कार्य एकच, नावे दोन. काही ठिकाणी याच्या उलट, नाव एकच पण वर्तन निराळे, असाही प्रकार होता. आणि तो अधिक घातक, कारण त्यात कंपायलर तक्रार करीत नाही. संहिता लिहिणारा एक, तिची प्रत घेणारे शेकडो, आणि प्रत्येकाच्या यंत्राची बोली वेगळी, अशी परिस्थिती निर्माण झाली.

या परिस्थितीवरील एक महत्त्वाचा उपाय भाषाशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या गृहस्थाकडून आला, हा योगायोग चिंतनीय आहे. लॅरी वॉल यांनी बर्कली येथे भाषाशास्त्राचा अभ्यास केला होता; अलिखित भाषांना लिपी देण्याच्या कार्यास वाहून घ्यावे, असा त्यांचा व त्यांच्या पत्नीचा मूळ बेत होता. तो तडीस गेला नाही व ते संगणकाकडे वळले. १९८४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आरएन या वृत्तवाचक आज्ञावलीबरोबर ‘कॉन्फिगर’ नावाची एक प्रश्नावली होती. ती नव्या यंत्रावर चालविली, की ती त्या यंत्राची पाहणी करी, काही गोष्टी स्वतः ताडी, उरलेल्या वापरणाऱ्यास विचारी, आणि मिळालेल्या उत्तरांनुसार संहितेस त्या यंत्रायोग्य करून घेई. १९८७ मध्ये त्यांनी पर्ल भाषा प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्याबरोबरही हीच पद्धती चालू राहिली. क्षेत्रीय भाषाशास्त्रज्ञ नव्या गावी जाऊन निवेदकास ठराविक प्रश्न विचारतो व उत्तरांवरून त्या बोलीचे स्वरूप ठरवितो. कॉन्फिगरची रीत त्याहून फारशी निराळी नाही. भेद इतकाच, की येथे निवेदक हे यंत्र आहे.

५. नावावरून नव्हे, लक्षणावरून

रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. प्रत्येकास आज्ञावली वाचण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य असावे, हे त्या प्रकल्पाचे तत्त्व. १९८७ मध्ये त्याचा सी कंपायलर, जीसीसी, प्रसिद्ध झाला. मात्र ग्नूच्या आज्ञावली असंख्य कंपन्यांच्या युनिक्सवर घडवाव्या लागत, आणि तेथे बोलीभेदाची अडचण पुन्हा पुढे आली. डेव्हिड मॅकेन्झी हे ग्नूच्या अनेक लहान उपयुक्त आज्ञावलींचे व्यवस्थापन पाहात असत. वापरणाऱ्याने मेकफाईलीत हाताने निवडावयाचे पर्याय सुमारे २० वर गेले, तेव्हा जून १९९१ मध्ये त्यांनी त्यांपैकी काही पर्याय आपोआप ताडणारी एक छोटी शेल-लिपी लिहिली. तिची उपयुक्तता पाहून अशा लिपी तयार करणारे स्वतंत्र साधन त्यांनी रचले. त्याचे नाव ऑटोकॉन्फ. त्याची पहिली आवृत्ती जुलै १९९२ मध्ये निघाली. यानंतर ‘कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल’ ही तीन आज्ञांची त्रयी मूळ संहिता घेणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी बसली.

ऑटोकॉन्फमागील तत्त्व असे, की यंत्राचे वा प्रणालीचे नाव विचारू नये. आवश्यक ते लक्षण तेथे आहे की नाही, एवढेच तपासावे. पूर्वीची साधने ‘ही अमुक कंपनीची प्रणाली आहे, म्हणून तीत तमुक फंक्शन असणार’ असा तर्क करीत. नवी आवृत्ती निघताच तो तर्क खोटा ठरे. बोलींच्या अभ्यासातही हाच धडा शिकावा लागला. ‘वऱ्हाडी’ हे नाव घेऊन तिची सर्व लक्षणे गृहीत धरता येत नाहीत. ‘ळ’च्या जागी ‘य’ उच्चारणारा प्रदेश व ‘ण’च्या जागी ‘न’ उच्चारणारा प्रदेश एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, म्हणून प्रत्येक लक्षणाची सीमारेषा नकाशावर वेगळी काढावी लागते.

लक्षण तपासण्याची रीतही ध्यानात घेण्याजोगी आहे. कॉन्फिगर ही लिपी एक चारपाच ओळींची लहानशी आज्ञावली लिहिते, तीत हव्या त्या फंक्शनचा उल्लेख करते, आणि ती कंपाइल करून पाहते. कंपाइल झाली तर लक्षण आहे. न झाली तर नाही. अशा शेकडो परीक्षा ओळीने होतात आणि पडद्यावर ‘आहे’, ‘नाही’ अशा उत्तरांची रांग उमटत जाते. प्रत्येक परीक्षेतील छोटी आज्ञावली व कंपायलरचा मूळ संदेश ‘कॉन्फिग.लॉग’ या फाईलीत नोंदलेला असतो. पण ती फाईल फार थोडे लोक उघडतात.

या काळातील एक कायदेशीर घटनाही येथे नोंदविली पाहिजे. ग्नूच्या सार्वजनिक परवान्याची दुसरी आवृत्ती जून १९९१ मध्ये निघाली. तीत संपूर्ण मूळ संहितेची व्याख्या करताना कंपाइल करण्याचे व प्रतिष्ठापनेचे नियंत्रण करणाऱ्या लिपींचाही अंतर्भाव केला आहे. म्हणजे घडविण्याची कृती हा संहितेचाच भाग होय, त्याविना दिलेली संहिता अपुरी होय, ही गोष्ट त्या परवान्याने मान्य केली.

६. अडचणींचे प्रकार

मूळ संहिता घडविताना येणाऱ्या अडचणींचे स्थूलमानाने चार प्रकार पाडता येतात.

पहिला प्रकार हेडर फाईल न सापडण्याचा. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनसारख्या वितरणांनी लायब्ररी चालविण्यास लागणारा भाग व तिच्या आधारे नवी आज्ञावली घडविण्यास लागणारा भाग यांची वेगवेगळी पाकिटे केली. त्यामुळे लायब्ररी यंत्रावर उपस्थित असते, इतर आज्ञावली ती वापरीतही असतात, आणि तरीही कंपायलर ती नाही असे सांगतो. त्याचे म्हणणे खोटे नसते. त्याला हवी असलेली हेडर फाईल ‘डेव्ह’ अथवा ‘डेव्हेल’ असे शेपूट असलेल्या दुसऱ्या पाकिटात असते.

दुसरा प्रकार लिंकरचा. सर्व फाईली कंपाइल झाल्यावर तुकडे जोडताना एखाद्या नावाचा पत्ता लागत नाही. स्थिर लायब्ररींच्या बाबतीत लिंकर त्या ज्या क्रमाने सांगितल्या त्याच क्रमाने वाचतो. आधार देणारी लायब्ररी आधार घेणाऱ्या फाईलीच्या आधी लिहिली, तर ती निरुपयोगी ठरते. येथे दोष वस्तूचा नसून क्रमाचा असतो.

तिसरा प्रकार घडल्यानंतरचा. आज्ञावली पूर्ण घडते, पण सुरू करताच सामायिक लायब्ररी उघडता येत नाही असे सांगून थांबते. स्वतः घडविलेल्या लायब्ररी सामान्यतः ‘/यूएसआर/लोकल’ या शाखेत जातात, आणि चालविण्याच्या वेळी शोध घेणाऱ्या यंत्रणेस तो पत्ता कळविलेला नसतो.

या तीनही प्रकारांत एक गुण आहे. अडचण स्वतःहून बोलते. तिचे बोलणे ऐकण्याची रीत मात्र ठाऊक असली पाहिजे. एका हेडर फाईलीच्या अभावाने पुढील शेकडो ओळी निरर्थक होतात व त्रुटिसंदेशांचा पूर येतो. अशा वेळी शेवटचा संदेश वाचणे व्यर्थ असून पहिला शोधून वाचावयाचा असतो. अनेक फाईली एकाच वेळी कंपाइल होत असतील तर संदेश एकमेकांत मिसळतात, म्हणून काम पुन्हा एकेक करून चालवावे लागते.

चौथा प्रकार मुका आहे, आणि तोच सर्वांत कठीण. पुष्कळ आज्ञावलींत काही लायब्ररी ऐच्छिक असतात. परीक्षेत त्या आढळल्या नाहीत, तर कॉन्फिगर थांबत नाही. तेवढे अंग वगळून पुढे जाते. मराठी वाचकास याचा प्रत्यय देवनागरीच्या मांडणीत येतो. चित्रे तयार करणारी इमेजमॅजिक ही आज्ञावली गुंतागुंतीच्या लिप्यांच्या मांडणीसाठी राक्म या ऐच्छिक लायब्ररीचे साहाय्य घेते, आणि राक्म ही हार्फबझ या लायब्ररीवर उभी आहे. घडविताना राक्म आढळली नाही, तर आज्ञावली विनातक्रार घडते व रोमन मजकूर अगदी बिनचूक छापते. परंतु ‘किल्ला’ हा शब्द दिला, की ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाते, आणि जोडाक्षर फुटून हलन्त ‘ल्’ व पूर्ण ‘ला’ शेजारी शेजारी उभे राहतात. ज्या वाचकास देवनागरी येत नाही त्यास यात दोष दिसणारच नाही. आणि ज्यास येते तो बहुधा टंकास वा मजकुरास दोष देत बसतो. खरे कारण कॉन्फिगरच्या शेवटी छापलेल्या तक्त्यातील एका ‘नाही’मध्ये दडलेले असते.

याच क्षेत्रातील आणखी एक गाठ अशी. अक्षरांचे आकार काढणारी फ्रीटाइप ही लायब्ररी ऐच्छिक रीतीने हार्फबझचा उपयोग करते, आणि हार्फबझही फ्रीटाइपचा उपयोग करू शकते. दोघी परस्परांवर विसंबून असल्याने सर्व काही मुळापासून घडविणारा प्रथम हार्फबझविना फ्रीटाइप घडवितो, तिच्या आधारे हार्फबझ घडवितो, आणि मग फ्रीटाइप पुन्हा घडवितो. पहिल्या फेरीवरच जो थांबतो त्याला काहीही बिघडलेले दिसत नाही.

७. बदलता परीक्षक

परीक्षेचा निकाल परीक्षकावरही अवलंबून असतो, आणि येथे परीक्षक म्हणजे कंपायलर. तो काळानुसार अधिक कडक होत गेला. मार्च २००८ मध्ये जीसीसीची ४.३ ही आवृत्ती निघाली. तीत सी++ भाषेच्या हेडर फाईलींतील परस्परांचे अनावश्यक समावेश कमी करण्यात आले. ज्या आज्ञावलींनी एखादी हेडर फाईल स्वतः न मागता दुसरीच्या आडून मिळविली होती, अशा पुष्कळ आज्ञावली एकाएकी कंपाइल होईनाशा झाल्या. २०२० मधील दहाव्या आवृत्तीत एकाच सार्वत्रिक नावाची अनेक फाईलींतील पुनरुक्ती खपवून घेण्याची जुनी सवलत मूळ वर्तनातून काढण्यात आली. परिणामी अनेक जुन्या संहिता लिंकरच्या टप्प्यावर अडल्या.

सर्वांत बोधप्रद उदाहरण २०२४ मधील चौदाव्या आवृत्तीचे आहे. जुन्या सी भाषेत एखादे फंक्शन आधी घोषित न करता वापरले, तरी कंपायलर त्याचे स्वरूप स्वतःच गृहीत धरून पुढे जाई. १९९९ च्या प्रमाणकाने ही सवलत रद्द केली. परंतु कंपायलर त्यानंतरही दोन तपे केवळ इशारा देऊन सोडीत राहिले. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने २०२३ मध्ये आणि जीसीसीने २०२४ मध्ये ती चूक दंडनीय ठरविली. संहितेतील अशा चुका लगेच दिसतात व दुरुस्तही होतात. पण तशाच चुका जुन्या कॉन्फिगर लिपींतील परीक्षेच्या छोट्या आज्ञावलींतही होत्या. तेथे फंक्शन यंत्रावर असते. परीक्षेची आज्ञावली मात्र अघोषित नावामुळे कंपाइल होत नाही. आणि कॉन्फिगर निर्विकारपणे लिहिते, की हे फंक्शन येथे नाही. प्रश्नपत्रिकेतील चुकीने उमेदवार अनुत्तीर्ण झाला, आणि कोणासही ते कळले नाही, असा हा प्रकार. ऑटोकॉन्फच्या मूळ तत्त्वात ही फट पहिल्यापासून होती. ‘परीक्षा अयशस्वी झाली’ आणि ‘लक्षण नाही’ ही दोन विधाने त्याने एकच मानली होती.

८. २०२४ चा प्रसंग

ही फट किती खोल आहे, हे त्याच वर्षी निराळ्या मार्गाने प्रत्ययास आले. केन टॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखविले होते, की कंपायलरमध्येच दगा पेरला, तर निर्मळ संहितेतूनही दूषित आज्ञावली बाहेर पडते, आणि संहिता कितीही वाचली तरी दगा सापडत नाही. चाळीस वर्षांनी असा दगा कंपायलरमध्ये न पेरता घडविण्याच्या कृतीत पेरला गेला.

एक्सझेड ही विदा संकुचित करणारी साधी, सर्वत्र वापरली जाणारी आज्ञावली. २०२१ पासून तिला साहाय्य करीत विश्वास संपादन केलेल्या एका टोपणनावाच्या योगदात्याने फेब्रुवारी व मार्च २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्तींत दूरस्थ प्रवेशाचे चोरदार घातले. त्याचा मुख्य भाग चाचणीसाठी ठेवलेल्या, वाचता न येणाऱ्या फाईलींत दडविलेला होता. आणि तो बाहेर काढून आज्ञावलीत मिसळणारी ओळ ऑटोकॉन्फच्या एम४ भाषेतील एका साहाय्यक फाईलीत होती. विशेष हे, की ती ओळ सार्वजनिक संहितासंग्रहात नव्हतीच. ती केवळ प्रसिद्धीसाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. अशा गठ्ठ्यांत कॉन्फिगरची तयार लिपी व तत्सम यंत्रनिर्मित फाईली असतातच, त्या हजारो ओळींच्या असतात, आणि त्या कोणी वाचीत नाही, या जुन्या रिवाजाचाच लाभ घेण्यात आला.

याच संहितेत २००० मध्ये निर्माण झालेल्या सीमेक या दुसऱ्या साधनासाठीही परीक्षा लिहिलेल्या होत्या. त्यांतील एक परीक्षा लँडलॉक हे लायनक्समधील संरक्षक बंधन उपलब्ध आहे काय, हे पाहण्याची होती. तिच्या छोट्या आज्ञावलीत एक एकाकी पूर्णविराम घालण्यात आला. त्यामुळे ती कोठेही, कधीही कंपाइल होणे शक्य नव्हते. परीक्षा अयशस्वी, म्हणून बंधन उपलब्ध नाही, म्हणून ते वगळा, असा क्रम शांतपणे पार पडला असता. एका बिंदूने संरक्षण काढून टाकले, आणि त्यासाठी खोटे बोलावे लागले नाही; प्रश्न तेवढा बिघडविला गेला.

हा दगा उघडकीस आला तो मार्चच्या अखेरीस, अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस विदागाराच्या विकासकाच्या चिकित्सक वृत्तीमुळे. दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, हा क्षुल्लक वाटणारा प्रश्न त्यांनी सोडला नाही. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी आपला शोध जाहीर केला. प्रमुख वितरणांच्या स्थिर आवृत्तींत हा दगा तोवर पोचला नव्हता.

९. उपसंहार

या इतिहासातून दोन प्रवृत्ती दिसतात. एक प्रवृत्ती वापरणाऱ्याच्या डोक्यावरील भार कमी करण्याची. मेकने स्मरणाचा भार उचलला, कॉन्फिगरने चौकशीचा, वितरणांच्या पाकिटांनी घडविण्याचाच. हे सर्व उपकारक झाले, यात शंका नाही; त्याविना मुक्त सॉफ्टवेअर सामान्य माणसापर्यंत पोचले नसते. परंतु प्रत्येक टप्प्यावर निर्णयाची एकेक जागा माणसाच्या दृष्टीआड गेली. दुसरी प्रवृत्ती या आड गेलेल्या जागा पुन्हा उजेडात आणण्याची. २०१३ पासून डेबियनमध्ये आकारास आलेल्या पुनर्घटनक्षम रचनेच्या प्रयत्नात एकाच संहितेपासून निरनिराळ्या माणसांनी घडविलेली प्रत बाइटागणिक एकसारखी निघाली पाहिजे, असा दंडक असतो. दोन प्रतींत भेद पडला, तर तो भेद बोलू लागतो. ग्विक्स या वितरणाने २०२३ मध्ये केवळ ३५७ बाइटांच्या एका बीजापासून आपली सर्व साधने क्रमशः घडवून दाखविली. टॉम्प्सन यांच्या व्याख्यानास दिलेले ते एक विलंबाचे, पण ठोस उत्तर होय.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये. हस्तलिखितात एखादा श्लोक नसणे आणि तो श्लोक मूळ ग्रंथातच नसणे, हे दोन निष्कर्ष त्यास वेगळे ठेवावे लागतात. पान गळाले असेल, लेखकाचा डोळा चुकला असेल, कोणी मुद्दाम वगळले असेल. मूळ संहितेतून आज्ञावली घडविणाऱ्यासही हाच विवेक बाळगावा लागतो. परीक्षेतील ‘आहे’ हे उत्तर बहुधा विश्वसनीय असते, कारण ते सिद्ध करून मिळालेले असते. ‘नाही’ हे उत्तर मात्र केवळ एका प्रयत्नाचे अपयश नोंदविते. ते अपयश वस्तूचे की प्रश्नाचे, हे कॉन्फिग.लॉग उघडून वाचल्याखेरीज ठरत नाही. मुक्त सॉफ्टवेअरने संहिता वाचण्याचा अधिकार दिला. त्या अधिकाराचा सर्वांत उपेक्षित, पण सर्वांत आवश्यक उपयोग या नोंदींच्या वाचनातच आहे.